बोया कापून झालेली शेगडी

रमझानच्या संध्याकाळी मशिदीजवळच्या रस्त्यावर शेगड्या लागतात, तेव्हा आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना दिसतं. लांबट लोखंडी शेगडीत कोळसे फुललेले असतात, सळ्यांवर कबाब असतात, आणि मागचा माणूस एका हातानं सळी फिरवत दुसऱ्या हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घालत असतो. तिथं प्लेट हातात घेऊन उभं राहणाऱ्यांत गावातली सगळ्या धर्मांची माणसं असतात. निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थाची ओढ कुणा एकाची नाही.

पण ही शेगडी उघडी असते. चरबीचा थेंब पडला की जाळ उठतो, वारा आला की ठिणग्या उडतात, आणि माणसाचं लक्ष जरा हललं की कबाब करपतो. कबाबाला ते चालतं, कारण तो लहान असतो आणि काही मिनिटांत होतो. अख्खी कोंबडी किंवा बकऱ्याची अख्खी रान मात्र अशा उघड्या निखाऱ्यावर बाहेरून जळते आणि हाडाजवळ कच्ची राहते. म्हणून तर आपल्याकडे अशा वेळी तंदूर पेटवतात, नाहीतर पातेल्याचं तोंड कणकेनं बंद करून दम देतात.

सत्तरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, शिकागो शहराच्या परिसरात राहणाऱ्या एका माणसाला हीच अडचण आली. त्यानं तिच्यावर जो उपाय काढला, ती झाकणाची गोल शेगडी आज अमेरिकेतल्या घरांच्या मागच्या अंगणात सर्रास दिसते. तिथं तिला ‘केटल ग्रिल’ म्हणतात. केटल म्हणजे किटली. आकार तसा गोल, म्हणून ते नाव. आणि आता त्या देशात अशी माणसं आहेत, जी या शेगड्यांच्या जुन्या, गंजलेल्या, अंगणाच्या कोपऱ्यात टाकून दिलेल्या प्रती शोधतात, घासूनपुसून उभ्या करतात आणि पुन्हा त्यांत कोळसा पेटवतात. त्यांचा हा छंद वरवर मजेशीर वाटतो. पण त्यात वस्तू जपण्याबद्दल बरंच शिकण्यासारखं आहे.

गोळ्याचे दोन भाग

जॉर्ज स्टीफन हे शिकागोतल्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’ या पत्राकाम करणाऱ्या कारखान्यात होते. इतर कामांबरोबर तिथं मिशिगन सरोवरासाठी धातूचे बोये बनत. कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना बोया म्हणजे काय हे सांगायला नको. पाण्यावर तरंगत राहून जहाजांना वाट दाखवणारा तो पोकळ गोळा. कारखान्यात त्याचे दोन अर्धगोल वेगवेगळे घडवून मग जोडत.

स्टीफन यांना बारा मुलं. घरी अंगणात मांस भाजण्याची हौस, पण त्या काळी मिळणारी शेगडी म्हणजे पायांवर उभी केलेली उथळ, उघडी परात. वारा सुटला की राख अन्नावर, पाऊस आला की सगळं बंद. १९५२ साली त्यांनी बोयाचा गोळा मधोमध वेगळा केला. खालच्या अर्ध्या भागाला तीन पाय जोडले, आत जाळी बसवली. वरच्या भागाला मूठ लावून त्याचं झाकण केलं.

पहिल्या प्रयोगाबद्दल एक गोष्ट सांगतात. झाकण लावलं की आग विझायची. शेजाऱ्यानं पाहिलं आणि सुचवलं, की निखाऱ्याला श्वास घ्यायला भोकं तरी पाड. भोकं पडली आणि निखारे टिकले. गोष्ट सांगणाऱ्यांनी तिला थोडी फोडणी दिलीही असेल, पण या शेगडीचं सगळं मर्म तिच्यात आहे. झाकणापेक्षाही त्यातून हवा किती जाते, यावर सारं अवलंबून असतं.

हवेचा हिशेब

केटलच्या तळाला झडपा असतात आणि झाकणावर एक झडप असते. खालून हवा आत येते, निखाऱ्याला मिळते, तापून वर जाते, घुमटासारख्या झाकणाला लागून वळते, पदार्थाभोवती फिरते आणि वरच्या झडपेतून बाहेर पडते. म्हणजे ही शेगडी पेटलेली असताना भट्टीसारखी वागते. पदार्थाला खालून निखाऱ्याची धग मिळते आणि चारी बाजूंनी गरम हवा.

तळाच्या झडपा मिटत आणल्या की हवा कमी मिळते, आच मंदावते. उघडल्या की आच वाढते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला तरी उघड्या शेगडीसारखा भडका टिकत नाही, कारण भडक्याला लागणारी हवाच आत मोजकी असते. पुठ्ठ्यानं वारा घालणारा माणूस जे हातानं करतो, तेच इथं पत्र्याच्या छोट्या चकत्या करतात.

मोठा पदार्थ करायचा असेल तर निखारे दोन्ही कडांना सारतात, मध्ये एक पसरट भांडं ठेवतात आणि त्याच्या वरच्या जाळीवर पदार्थ ठेवतात. म्हणजे पदार्थाखाली आग नसतेच. अख्खी कोंबडी अशी साधारण तास-सव्वा तासात होते. सर्वांत जाड भागात ती आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की खायला सुरक्षित झाली असं अमेरिकेत मानतात. दमाची बिर्याणी करणाऱ्याला हे तत्त्व ओळखीचं वाटेल. आच कोंडायची, पण सगळी नाही.

अंगण, कोळसा आणि स्पुटनिक

चांगली वस्तू नुसती तयार होऊन चालत नाही, तिला काळही अनुकूल लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर नवी उपनगरं उभी राहत होती. छोटं घर आणि मागे हिरवळीचा तुकडा, असं त्या कुटुंबांचं स्वप्न होतं. सुट्टीच्या दिवशी त्या हिरवळीवर जेवण शिजवणं हा नवा रिवाज झाला.

कोळसाही सोपा झाला होता. भुसा आणि कोळशाची पूड दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या वड्या, ज्यांना ब्रिकेट म्हणतात, त्यांचं एक पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये घेतलं होतं. पुढे मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधल्या कारखान्यात लाकडी भाग करताना ढिगानं उरणारे तुकडे वाया जात होते. फोर्ड यांनी त्यांचा कोळसा करून वड्या विकायला काढल्या. नंतर हा धंदा ‘किंग्जफर्ड’ या नावानं ओळखला जाऊ लागला आणि पिशवीतला कोळसा दुकानादुकानांत पोचला. उरलेल्या लाकडाचा कोळसा आणि बोयाच्या साच्याची शेगडी, अशी ही जोडी जमली.

तरीही सुरुवातीला लोक या गोल वस्तूकडे विचित्र नजरेनं पाहत. १९५७ मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक आकाशात सोडला आणि तीन पायांवरच्या या गोळ्याला लोकांनी गमतीनं तेच नाव दिलं. स्टीफन गावोगावी दुकानांत शेगडी घेऊन जात आणि लोकांसमोर शिजवून दाखवत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हा धंदा स्वतःकडे घेतला आणि ‘वेबर-स्टीफन’ कंपनी उभी राहिली. १९९३ मध्ये ते वारले. आज जगभर ‘वेबर’ म्हटलं, की डोळ्यांपुढे तीच गोल शेगडी येते.

कचऱ्यातून अंगणात

केटल कधी अडगळ होते? नव्वदच्या दशकापर्यंत अमेरिकेत अनेक घरांनी गॅसवर चालणाऱ्या ग्रिल घेतल्या. बटण फिरवलं की पेटतात, राख काढावी लागत नाही. जुनी केटल मग गॅरेजच्या मागे जाते. घरातली वडीलधारी माणसं जातात, मुलं दुसऱ्या राज्यात असतात, घर विकायला निघतं. दारापुढे टेबलं मांडून सामान काढलं जातं. कपबश्यांना गिऱ्हाईक मिळतं, कपाटांना मिळतं. कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेली, आत वर्षांपूर्वीची राख दगड होऊन बसलेली शेगडी मात्र कचरागाडीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभी राहते.

शौकिनाची नजर तिथं थांबते. तो सर्वांत आधी रंग पाहतो. बहुतेक केटल काळ्या असतात. पण साठ-सत्तरच्या दशकांत लाल, हिरव्या, तपकिरी, पिवळ्या, निळ्याही निघाल्या. काळ्या ढिगाऱ्यात असा रंग दिसला, की त्याचा हात लगेच खिशाकडे जातो.

मग तो वय ओळखू लागतो. मुठी लाकडाच्या आहेत की प्लॅस्टिकच्या? लाकडाच्या असतील तर सहसा जुनं काम. तळाला तीन वेगवेगळ्या झडपा आहेत, की एकाच दांड्यानं तीन पाती एकदम फिरतात? एका दांड्याची, राखही खाली ढकलणारी सोय ऐंशीच्या दशकातली. स्वतंत्र झडपा असतील तर केटल साधारणपणे त्याआधीची. झाकणावरच्या झडपेच्या चकतीवर बारीक अक्षरं ठोकलेली आहेत का? सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कंपनी त्यात वर्षाची खूण ठेवत आली. जुन्या नाण्यांचा जाणकार टांकसाळीची खूण भिंगाखाली पाहतो, तसा हा माणूस गुडघ्यावर बसून काजळी पुसत ती अक्षरं वाचतो.

मापंही जाणकाराला तोंडपाठ असतात. साडेबावीस इंच, म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाची केटल घराघरांतली. साडेअठरा इंचांची त्याहून लहान. साडेचौदा इंचांची ‘स्मोकी जो’ टेबलावर किंवा सहलीत मावणारी. आणि साडेसदतीस इंचांची ‘रँच’, जिच्यावर अख्ख्या वस्तीचं जेवण व्हावं.

कल्हई आणि इनॅमल

केटलचं आयुष्य तिच्या कातडीवर अवलंबून असतं. आत पोलादाचा पत्रा, वर इनॅमल. आपल्या घरांत पांढऱ्या ताटांना, निळ्या काठाच्या मगांना हाच मुलामा असायचा. काही घरांत त्याला तामचिनी म्हणतात. हा रंग नसतो. काचेची बारीक पूड पत्र्यावर चढवून तो सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. काच वितळून पत्र्याला कायमची चिकटते. त्यामुळे ती निखाऱ्याच्या धगीनं जळत नाही आणि पाण्यानं गंजत नाही.

पण काच ती काचच. झाकण फरशीवर पडलं, पाय दगडावर आपटला, तापलेल्या झाकणावर कुणी थंड पाणी ओतलं, तर टवका उडू शकतो. टवका उडाला की पोलाद उघडं पडतं आणि तिथून गंज सुरू होतो.

इथं कल्हईवाल्याची आठवण येते. भाता, निखारे, नवसागर आणि कथलाची कांडी घेऊन तो दारोदारी फिरे. सण तोंडावर आले की तांब्या-पितळेची भांडी त्याच्यापुढे रांगेत लागत. तापलेल्या भांड्यात नवसागराचा धूर निघे, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरे आणि भांडं आतून चांदीसारखं होई. कल्हई वापरानं झिजते, पण पुन्हा करता येते. पिढ्यान् पिढ्या करता येते. इनॅमलचं तसं नाही. पुन्हा चढवायचं तर जुनी काच पूर्ण उतरवावी लागते आणि एवढा मोठा गोलार्ध मावेल अशी भट्टी लागते. घरच्या अंगणात हे होत नाही. एकदा उडालेला टवका, सर्वसाधारण शौकिनापुरता, कायमचा गेला.

म्हणून जुनी केटल दुरुस्त करताना हात राखणंच महत्त्वाचं ठरतं. काय घासायचं याइतकंच काय घासायचं नाही, हे कळावं लागतं.

हाताचं काम

सुरुवात राख काढण्यानं होते. राखेला ओल लागली की ती कपडे धुण्याच्या सोड्यासारखी तिखट होते. अॅल्युमिनियमची राखेची ताटली ती खाते, आणि टवका उडालेल्या जागी ओल धरून ठेवून पत्रा पोखरते. अनेक जुन्या केटल आगीनं नव्हे, तळाशी वर्षानुवर्षं भिजत राहिलेल्या राखेनं मेलेल्या असतात.

मग झाकण उलटं करायचं. आतून काळे पापुद्रे सुटलेले दिसतात. नवख्याला वाटतं, रंग निघतोय, शेगडी वाया गेली. पण ते पापुद्रे म्हणजे धूर आणि चरबी साचून झालेला कोळशाचा थर असतो. रंग तिथं नसतोच. प्लॅस्टिकच्या पट्टीनं किंवा मुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉईलनं तो सहज खाली येतो आणि आतून झळझळीत इनॅमल निघतं. टाकून दिलेल्या कित्येक केटल केवळ या गैरसमजामुळे टाकल्या गेलेल्या असतात.

बाहेरच्या अंगाला साबणाचं कोमट पाणी, मऊ स्पंज आणि धीर. चिकट तेलकट थर निघत नसेल तर सपाट धरलेलं पातं साबणाच्या पाण्यावरून हलकेच सरकवतात. खरखरीत कागद इनॅमलला लावायचा नाही, चकाकी कायमची जाते. शेवटी काही जण गाडीला लावतात ते पॉलिश लावतात आणि चाळीस-पन्नास वर्षांचा लाल रंग पुन्हा ओला दिसू लागतो.

इथं एक चूक फार होते. चरबी काढायला ओव्हन साफ करण्याचा फवारा वापरतात. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. इनॅमलवर थोडा वेळ तो चालून जातो, पण पाय, राखेची ताटली आणि झडपा अनेकदा अॅल्युमिनियमच्या असतात. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला लागला की फेस येतो आणि धातू काळा पडून खडबडीत होतो. एका तासाच्या घाईनं पन्नास वर्षांचे पाय खराब होतात. जाणकार आधी सगळे सुटे भाग वेगळे करतो आणि प्रत्येक धातूला त्याचा इलाज देतो. लोखंडी खिळे-तारा व्हिनेगरमध्ये भिजवायच्या, म्हणजे गंज सैल होतो. अॅल्युमिनियमला बारीक तारेची घासणी आणि साबण.

घट्ट झालेली झडप हा सर्वांत नाजूक भाग. तिला पक्कडीनं पिळलं की भोवतीचं इनॅमल तडकतं. म्हणून आधी साबणपाणी, मग थोडं तेल, मग थांबणं, मग बोटानं थोडं थोडं हलवणं. रिव्हेट पार गेलेलं असेल तर ते ड्रिलनं काढून नवं बसवतात.

लाकडी मुठी बहुधा पांढुरक्या, भेगाळलेल्या असतात. बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं फिरवून त्यावर जवसाचं तेल पुसतात. लाकूड तहानलेलं असतं, दोन-तीन हात पिऊन टाकतं आणि मग आतला रंग वर येतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवायच्या नाहीत. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात टाकायच्या.

टवके उडालेल्या जागी बाहेरून उष्णता सोसणारा रंग टिपकन लावतात, गंज थांबावा म्हणून. आतून, अन्नाच्या बाजूनं, रंग लावत नाहीत. आणि तारेच्या ब्रशनं जाळी घासली असेल तर तारेचा एखादा तुकडा जाळीला चिकटलेला नाही ना, हे नीट पाहावं लागतं. असे तुकडे अन्नातून पोटात गेल्याच्या घटना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

शेवटी रिकाम्या केटलमध्ये कोळसा पेटवून ती एकदा कडक तापवायची, म्हणजे साबणाचा, तेलाचा जो काही अंश राहिला असेल तो जळून जातो. त्यानंतरच तिच्यावर पहिला घास.

नवं करायचं की चालतं करायचं?

या छंदातला खरा वाद इथं सुरू होतो. काहींना केटल कारखान्यातून आली तशी हवी असते. एकही ओरखडा नको, मूठ बदलायची तर त्याच वर्षाची हवी, पाय त्याच घडणीचे हवेत. त्यासाठी दोन मोडक्या केटल घेऊन एक पुरी करतात. अशी केटल मग शेडमध्ये कापडाखाली राहते. तिच्यात कोळसा पेटत नाही, कारण पेटवला की डाग पडतील.

दुसऱ्यांचं म्हणणं वेगळं. ज्या मुठीवर एखाद्या बापाच्या हाताचा घामट डाग तीस वर्षं बसला आहे, तो खरवडून काढण्यात काय मिळालं? झाकणाला पोचा आहे, पण ते अजून घट्ट बसतं, तर पोचा राहू द्यावा. गंज थांबवायचा, झडपा फिरत्या करायच्या, जाळी स्वच्छ करायची आणि पेटवायची. निखारा न पाहिलेली शेगडी त्यांच्या मते फक्त रंगीत पत्रा.

दोन्ही बाजूंना आपापलं कारण आहे. पहिल्या प्रकारची माणसं नसती तर कुठला रंग कुठल्या काळात निघाला, कुठल्या वर्षी झडप कशी होती, ही माहितीच उरली नसती. आणि दुसऱ्या प्रकारची नसती तर केटल फक्त काचेच्या कपाटात उरली असती. पण एका बाबतीत दुसऱ्यांची बाजू जड वाटते. मुठीवरचा डाग एकदा घासला की तो परत येत नाही, इनॅमलच्या टवक्यासारखाच. जे परत आणता येत नाही त्याला हात लावण्यापूर्वी थांबावं, हे शहाणपण जुन्या वाड्यांना, जुन्या दर्ग्यांच्या कोरीव दगडांना आणि जुन्या देवळांच्या रंगवलेल्या छतांनाही लागू आहे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावानं कोरीव दगडावर तैलरंग फासलेला पाहिला, की हे लगेच पटतं.

माप न बदलल्याची किंमत

एक प्रश्न उरतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची मिक्सर, पंखा किंवा टेप रेकॉर्डर इतक्या सहज पुन्हा चालता होत नाही, मग केटल कशी होते? उत्तर तिच्या मापात आहे. घराघरांतल्या केटलचा व्यास अनेक दशकं तोच राहिला. आज दुकानात मिळणारी नवी जाळी सत्तरच्या दशकातल्या केटलमध्ये बसते. यंत्र असं तिच्यात काही नाही. दोन अर्धगोल, दोन जाळ्या, तीन पाय, काही झडपा. जे झिजतं ते बदलता येतं आणि जे बदलता येत नाही ते नीट वापरलं तर झिजत नाही.

कंपनीच्या बाबतीत मात्र बरंच बदललं. २०२१ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले, २०२३ मध्ये ती पुन्हा खासगी मालकीत गेली. २०२२ मध्ये, पहिल्या केटलला सत्तर वर्षं झाली म्हणून, कंपनीनं स्वतःच जुन्या वळणाच्या, जुन्या रंगांच्या केटल नव्यानं काढल्या. याचा अर्थ जुन्या वस्तूंची कद्र कंपनीलाही कळली. पण ज्यांच्याकडे खरी जुनी केटल आहे, ते शांतपणे तिच्या झडपेवरचं अक्षर दाखवतात.

आपल्याकडच्या वाचकानं यातून केटल विकत आणावी असं काही नाही. पण घरात एखादी जुनी लोखंडी शेगडी, पितळी बंब किंवा बिडाचा तवा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. वाया गेलं असं वाटतं ते खरंच वाया गेलं आहे, की नुसते काजळीचे पापुद्रे आहेत? आणि मोडलेला भाग आजही मिळतो का? दोन्हींचं उत्तर बरं आलं, तर ती वस्तू तुमच्यापेक्षा जास्त जगेल.

कोळशाची कुठलीही शेगडी, झाकणाची असो वा उघडी, बंद खोलीत मात्र कधी ठेवू नये. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडीच्या रात्री उबेसाठी शेगडी आत घेऊन झोपलेली माणसं त्यानं दरवर्षी दगावतात. शेगडीची जागा अंगणात, गच्चीवर, मोकळ्या हवेत.

आणि जेवणं आटोपली, निखारे विझले, की राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर आठवणीनं काढावी. पावसाळा यायच्या आत तर नक्कीच. अमेरिकेतले शौकीन ज्या केटल वाचवू शकले नाहीत, त्यांतल्या बहुतेकांचा तळ एवढ्याशा आळसानं गेलेला असतो.